विहीर कुणाची? फॅनफिकमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

माझ्या दुसऱ्याच फॅनफिकमध्ये, म्हणजे आवडत्या पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेल्या कथेत, मी एक विहीर चोरली. चोरतेय हे तेव्हा माहीत नव्हतं, पण चोरली. हॅरी पॉटरमधल्या पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणींवरची ती कथा. साताऱ्याकडे त्यांचं आजोळ, आजोळी वाडा, वाड्यात विहीर, आणि त्या विहिरीत वाकून पाहिलं की घरातल्या गेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात, असं मी लिहिलं आणि कथा एओथ्री या फॅनफिकच्या साइटवर टाकली. तिसऱ्या दिवशी एक कमेंट आली: “विहीर ओळखीची वाटली. अमक्या लेखिकेच्या कथेतली ना? तिचं नाव कुठे दिसलं नाही, म्हणून विचारलं.” त्या लेखिकेच्या कथा मी वर्षभरापूर्वी एका रात्रीत वाचून काढल्या होत्या. विहीर डोक्यात अशी रुतून बसली होती की ती मूळ पुस्तकातलीच आहे असं मी धरून चालले होते. मूळ पुस्तकात पाटील बहिणींचं गावसुद्धा सांगितलेलं नाही, विहीर कुठली!

मी काय निस्तरलं ते पुढे ओघात येईलच. हा लेख ज्यांनी नुकतंच खातं उघडलंय, दोन-चार कथा वाचल्यात आणि आता कमेंट करायला किंवा स्वतः लिहायला हात शिवशिवतोय, त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच पैशाचं बोलून घेऊ, कारण इथले सगळे रीतिरिवाज तिथून निघतात. फॅनफिकमध्ये पैसा नाही. एओथ्री म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही साइट ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था चालवते. संस्था २००७ सालची, साइट सर्वांसाठी खुली झाली २००९ मध्ये. जाहिराती नाहीत, काम करणारे स्वयंसेवक, खर्च देणग्यांवर. २०१९ मध्ये या साइटला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला तरी लिहिणाऱ्याच्या खिशात कधी दमडी आलेली नाही. कथेखाली ‘मला कॉफी पाजा’ छापाची देणगीची लिंक देणंसुद्धा तिथे नियमाबाहेर आहे. मग माणूस ऑफिस, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सांभाळून रात्री एक वाजता ऐंशी हजार शब्द लिहितो ते कशासाठी? त्याला दोनच गोष्टी मिळतात, नाव आणि प्रतिसाद. म्हणून नाव न देता काही उचलणं म्हणजे इथे पगार मारणं. आणि न मागता केलेली चिरफाड म्हणजे एखाद्याच्या घरी जेवायला जाऊन आमटीत मीठ कमी असल्याचं पंगतीत ओरडून सांगणं.

पहिली पायरी: महिनाभर नुसतं वाचा

कथेचं वरचं टोपण आधी वाचा. टॅग, इशारे, लेखकाची टीप. टॅग म्हणजे डब्यावरचं लेबल. त्यात कोणतं फॅनडम (म्हणजे कोणत्या कलाकृतीचं चाहतेमंडळ), कोणती जोडी, शेवट गोड की कडू, कुणी मरतं का, सगळं आधीच सांगितलेलं असतं. ‘लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे’ असाही एक पर्याय असतो. त्याचा अर्थ आत काहीही असू शकतं, स्वतःच्या जबाबदारीवर वाचा. टॅग वाचून आत शिरल्यावर “ही जोडी मला पटत नाही” अशी कमेंट करणं सगळ्यात मोठा गावंढळपणा समजला जातो. आवडत नाही तर वाचू नका, हे वाक्य इथे पाटीसारखं टांगलेलं आहे.

लेखकाच्या प्रोफाइलवरही एकदा जाऊन या. तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं: भाषांतर चालेल, विचारायची गरज नाही, ऑडिओ केलात तर दुवा पाठवा, टीका नको, किंवा टीका हवी, बिनधास्त बोला. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

जागेप्रमाणे चालही बदलते. १९९८ पासून चाललेल्या फॅनफिक्शन डॉट नेटवर प्रतिसादाला ‘रिव्ह्यू’च म्हणतात, आणि तिथल्या जुन्या मंडळींना थोडं परखड बोलणं खटकत नाही. वॉटपॅडवर ओळीओळीला कमेंट टाकता येते, त्यामुळे तिथे वाचक पात्रांशी भांडतात, रडतात, शिट्ट्या मारतात, आणि तेच अपेक्षित असतं. एओथ्री त्या मानाने शांत. एकीकडची सवय दुसरीकडे नेऊ नका.

दुसरी पायरी: काय बिनदिक्कत उचलावं

मूळ कलाकृतीत जे घडलं ते ‘कॅनन’. ते सगळ्यांचं आहे, म्हणजे खरं तर मूळ लेखकाचं आहे आणि आपण सगळेच तिथे उसनवारीवर आहोत. वर्षानुवर्षं चाहत्यांनी लिहून लिहून जे पक्कं केलं, पण मुळात नव्हतं, ते ‘फॅनॉन’. पात्राच्या आवडत्या चहापासून मधल्या नावापर्यंत काहीही. फॅनॉन इतकं पसरलेलं असतं की ते कुणी सुरू केलं हे कुणालाच आठवत नाही, म्हणून तेही वापरायला मोकळं.

ठरलेले साचेही मोकळे. दोघं एका खोलीत आणि पलंग एकच. सगळे जादूगार सोडून कॉफीच्या दुकानात काम करतात. पाच वेळा नाही म्हटलं आणि सहाव्यांदा हो. यांवर कुणाचाही सातबारा नाही. ‘ओमेगाव्हर्स’ नावाचा एक साचा २०१० च्या सुमारास ‘सुपरनॅचरल’ मालिकेच्या चाहत्यांमध्ये तयार झाला. (तो काय आहे हे घरच्या सामायिक कॉम्प्युटरवर शोधू नका.) शेकडो जणांनी तो वापरला, वाढवला, कुणी कुणाला हटकलं नाही. पुढे तोच साचा पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत गेला आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्यावरून कोर्टकचेरी सुरू झाली. पैसा आला आणि लगेच कुंपण आलं.

आपल्याकडचा कायदाही कल्पनेला कुंपण घालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितलं की कल्पना, विषय, कथानकाचा गाभा, ऐतिहासिक किंवा पौराणिक गोष्टी यांवर कॉपीराइट नसतो. असतो तो मांडणीवर. एका नाटककाराचं म्हणणं होतं की चित्रपटवाल्यांनी आपलं नाटक उचललं, आणि न्यायालयाने निकाल चित्रपटाच्या बाजूने दिला. त्या निकालातली एक कसोटी मी घरगुती वापरासाठी ठेवलीय: साध्या वाचकाने दोन्ही गोष्टी वाचल्या तर “ही तर त्याचीच नक्कल” असं त्याला ठाम वाटेल का? माझ्या विहिरीबाबत वाटलं असतं. वाटलंच.

त्यामुळे पद्माला सॉर्टिंग हॅटने, म्हणजे जादूच्या शाळेत मुलांना गटांत वाटणाऱ्या टोपीने, बहिणीपासून वेगळं करून रेव्हनक्लॉ गटात टाकलं, त्या पहिल्या रात्रीवर तुम्ही लिहिलंत आणि त्याच आठवड्यात आणखी कुणी लिहिलं, तर दचकू नका आणि त्याच्यावर आळही घेऊ नका. कॅननमध्ये भोक असलं की सगळ्यांचं बोट तिथेच जातं.

तिसरी पायरी: काय विचारून घ्यावं

दुसऱ्याने स्वतः घडवलेलं पात्र, ज्याला इथे ‘ओसी’ म्हणतात, ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. दुसऱ्याने उभं केलेलं खास जग, त्याचे नियम, त्याची विहीर, तेही नाही. अर्धवट राहिलेली कथा आपण पुरी करणं, कथेचा पुढचा भाग आपण लिहिणं, तीच कथा दुसऱ्या पात्राच्या नजरेतून पुन्हा लिहिणं (त्याला ‘रीमिक्स’ म्हणतात), भाषांतर करणं, ‘पॉडफिक’ म्हणजे वाचून ऑडिओ करणं, या सगळ्यासाठी आधी परवानगी. एखाद्या प्रसंगाचं चित्र काढायला मात्र सहसा कुणी हरकत घेत नाही, उलट लेखक चार दिवस हवेत असतो. तरी कळवा.

मराठी मंडळींचा पहिला उत्साह बहुधा भाषांतराचा असतो. “इतकी सुंदर कथा, आपल्या लोकांना वाचता यावी.” हेतू चांगला आहे. विचारा. विचारायचं कसं, याचा नमुना देते. इंग्रजीत लिहाल, पण गाभा हाच ठेवा:

“नमस्कार. तुमची अमुक कथा मी दोनदा वाचली. आजी पत्र न उघडताच चुलीत टाकते तो प्रसंग अजून डोक्यात आहे. मला ही कथा मराठीत भाषांतरित करायची इच्छा आहे. एओथ्रीवरच ठेवेन, वर तुमचं नाव आणि मूळ कथेचा दुवा असेल, एओथ्रीबाहेर कुठेही टाकणार नाही. तुमची हरकत असेल तर नाही म्हणा, मला अजिबात वाईट वाटणार नाही.”

यात चार गोष्टी आहेत. कथा खरंच वाचल्याचा पुरावा, नेमकं काय करणार, कुठे ठेवणार, आणि नाही म्हणायला मोकळी वाट. शेवटची नवखे हमखास विसरतात. “प्लीज प्लीज, मी अर्धं भाषांतर केलंयसुद्धा” असं लिहिलं की समोरच्याच्या मानेवर सुरी ठेवल्यासारखं होतं.

उत्तर आलं नाही तर? नाही आलं म्हणजे नाही. “मी विचारलं होतं, त्यांनी काही म्हटलं नाही” ही परवानगी नव्हे. लेखक आठ वर्षांपूर्वी लिहून गेला असेल, त्याचा ईमेल बंद असेल. काही जण खातं मिटवताना कथा ‘ऑर्फन’ करतात, म्हणजे कथा राहते, नाव पुसलं जातं. विचारायला माणूसच उरत नाही. अशी कथा वाचा, जपा, मित्रांना दुवा पाठवा. पण तिचा पुढचा भाग म्हणून काही चढवू नका. तीच हुरहूर घेऊन स्वतःची वेगळी कथा लिहा आणि टिपेत मूळ कथेचं नाव सांगा.

चौथी पायरी: नाव द्यायचं ते कसं

विहिरीचं मी काय केलं ते आता. कमेंट वाचून कान गरम झाले. पहिला मोह कथा उडवून टाकण्याचा, दुसरा “योगायोग” म्हणण्याचा. तेव्हा एका जुन्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं, “अगं, कथा उडवलीस तर चोरीच होती असं दिसेल. कबूल कर आणि दुरुस्त कर, तासाभराचं काम आहे.” मी आधी त्या लेखिकेला लिहिलं: तुमची विहीर माझ्या कथेत आली आहे, नकळत आली, हा दुवा, ठेवू की काढू, तुम्ही सांगाल तसं. मग कमेंट करणारीचे आभार मानले. उत्तर दोन दिवसांनी आलं. विहीर ठेव, नाव दे, आणि तुझ्या विहिरीत आजोबा गातात ते मला फार आवडलं, असं.

नाव देण्याची जागा कथेच्या वरची टीप. शेवटी नको, कारण शेवटापर्यंत सगळे पोचत नाहीत. एओथ्रीवर कथा चढवताना ‘ही कथा दुसऱ्या कृतीवरून सुचली आहे’ असा एक चौकोन असतो. त्यात टिकमार्क करून मूळ कथेचा पत्ता दिला की मूळ लेखकाला आपोआप कळतं, आणि त्याने मंजूर केलं तर त्याच्या कथेखालीही तुमच्या कथेचा दुवा दिसतो. भाषांतरासाठी तिथेच वेगळी खूण आहे. टीप नेमकी लिहा. “अनेक कथांवरून प्रेरित” हे लिहिणं म्हणजे न लिहिणं. माझी टीप अशी झाली: “वाड्यातली आवाजांची विहीर अमुक यांच्या तमुक कथेतली आहे, त्यांच्या परवानगीने. आजोबांचं गाणं माझं.”

आणि एक गैरसमज मुळापासून उपटून टाका. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. अख्खी कथा उचलून दुसऱ्या साइटवर टाकायची आणि खाली ‘क्रेडिट टू ओनर’ लिहायचं, हे शेजाऱ्याची सायकल नेऊन तिच्यावर शेजाऱ्याचं नाव रंगवण्यासारखं आहे.

पाचवी पायरी: हात लावू नये असं

दुसऱ्याची वाक्यं. एवढं पुरे, तरी फोड करते, कारण लोक पळवाटा शोधतात. पात्रांची नावं बदलून दुसऱ्या फॅनडममध्ये टाकलं तरी ती चोरीच. इंग्रजीतून गुपचूप मराठीत आणलं तरी चोरीच. छापील कादंबरीतला परिच्छेद घेतला, कारण “फॅनफिक काय, गंमतच आहे”, तरी चोरीच. एखादी ओळ मुद्दाम, ओळखू यावी म्हणून वापरत असाल तर टिपेत सांगा.

विकणं. कथा छापून, सुंदर बांधणी करून स्वतःच्या कपाटात ठेवणारे हौशी लोक आहेत आणि त्यांचं काम बघत राहावं असं असतं. पण त्या प्रती विकायला काढल्या की लेखक अडचणीत येतो. आपण यावर कमावत नाही, हा सगळ्या फॅनफिकच्या कायदेशीर बचावातला एक मोठा टेकू आहे. तो तुम्ही काढून घेता.

यंत्राला खाऊ घालणं. अर्धवट कथा एखाद्या चॅटबॉटमध्ये टाकून “पुढचं लिहून दे” म्हणायचं आणि वर लेखकाला अभिमानाने सांगायचं, हा नवा प्रकार आहे. २०२५ मध्ये एओथ्रीवरच्या सुमारे १ कोटी २६ लाख कथांचा साठा कुणीतरी उपसून यंत्रं शिकवण्यासाठी चढवला होता, संस्थेने तक्रार करून तो बंद पाडला. तेव्हापासून कितीतरी लेखकांनी कथा फक्त खातेदारांना दिसतील अशा कुलूपबंद केल्या. कुलूप लावलेल्या कथेचा स्क्रीनशॉट बाहेर फिरवू नका, हेही त्यात आलं. पुस्तकांची परीक्षणं लिहिण्याच्या साइटवर फॅनफिकला तारे देऊ नका. ते विकायला ठेवलेलं पुस्तक नाही.

सहावी पायरी: आधी कौतुक करायला शिका

हे लिहायला विचित्र वाटतं, पण मराठी वाचकाला कौतुक करायची सवय नसते. आपल्या मराठी साइटवर वाढलेल्या माणसाच्या बोटांना तीन गोष्टी पाठ: ‘छान’, ‘पुलेशु’ आणि ‘पुभाप्र’. पुढील लेखनास शुभेच्छा ही निदान निरुपद्रवी आहे. ‘पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत’ मात्र इंग्रजीत ‘अपडेट सून’ होतं, आणि बऱ्याच लेखकांना ते दारावर थाप मारल्यासारखं वाटतं. चौदा हजार शब्दांचा भाग आज सकाळी टाकला, आणि दुपारी “नेक्स्ट कधी?” त्याऐवजी लिहा: “पार्वतीने दार लावून घेतलं आणि माझा जीव टांगणीला लागला.” सांगायचं तेच, पण ओढ दिसते, तगादा नाही.

सुचतच नसेल तर एक वाक्य निवडा, ते तसंच कमेंटमध्ये चिकटवा आणि खाली “हे!!” एवढं लिहा. गंमत नाही, लेखकांना हे अतिशय आवडतं. ‘कुडोज’चं, म्हणजे ‘आवडलं’ सांगायचं बटन एका कथेवर एकदाच चालतं. दुसऱ्यांदा वाचून आलात तर कमेंटमध्ये ‘हा दुसरा कुडोज’ लिहायची पद्धत आहे. दहा वर्षं जुन्या कथेवर कमेंट करायला लाजू नका.

बुकमार्कबद्दल सावध करते. बुकमार्कला टीप जोडता येते, आणि तो खासगी केला नाही तर ती लेखकाला दिसते. “बरी आहे, शेवट फसलाय, कंटाळा आला तर वाचावी.” तुम्ही हे स्वतःसाठी लिहिता, वाचतं भलतंच कुणी. खासगीची खूण करा.

सातवी पायरी: टीका

इथे ‘काँक्रिट’ असा शब्द ऐकाल. सिमेंटशी संबंध नाही. विधायक टीकेच्या इंग्रजी शब्दांचा तो आखडलेला जोड आहे. नियम छोटा आहे: लेखकाने मागितली असेल तरच. टिपेत “काँक्रिट चालेल” असेल तर चालेल. काहीच लिहिलं नसेल तर नको असं समजायचं.

आपल्याला हे पचायला जड जातं. ‘परखड’ ही आपल्याकडे शिवी नाही, पदवी आहे. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा खाताना आपण दुसऱ्या अंकाची वाट लावून मोकळे होतो. त्यात चूक काही नाही. नाटकाचं तिकीट काढलेलं असतं. इथे तिकीट नाही, आणि लिहिणारी बऱ्याचदा सोळा वर्षांची असते, आयुष्यात पहिल्यांदा लिहीत असते. फॅनडमला टीकेचा जुना आणि कडवट अनुभवही आहे. ‘मेरी स्यू’ हा शब्द १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेकच्या एका फॅनझिनमध्ये (चाहत्यांनी काढलेल्या मासिकात) लिहिलेल्या विडंबनातून आला: साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट, सर्वगुणसंपन्न, सगळे तिच्या प्रेमात. विडंबन मजेदारच होतं. पुढची तीसेक वर्षं तो शब्द स्वतःसारखी नायिका लिहिणाऱ्या प्रत्येक मुलीच्या डोक्यात दगडासारखा घातला गेला. किती जणींनी त्यानंतर लिहिणं सोडलं याची मोजदाद कोण ठेवणार?

आता माझाच एक प्रसंग. परदेशातल्या एका लेखिकेची पाटील बहिणींवरची लांब कथा, इंग्रजीतली. भाषा सुरेख. आणि चौथ्या भागात दिवाळी: आजी, जिला मुली ‘नानीजी’ म्हणतात, फराळाला बटर चिकन वाढते. माझा पहिला खर्डा असा होता:

“पाटील हे मराठी आडनाव आहे. नानीजी नाही, आजी. दिवाळीच्या फराळात बटर चिकन?? लिहिण्याआधी थोडा शोध घ्यायला काय होतं?”

पुसला. दुसरा खर्डा सभ्य होता. “कथा फार छान, पण काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात,” आणि खाली अकरा मुद्दे, चकलीच्या भाजणीपर्यंत. तोही पुसला. ‘छान, पण’ मधलं छान कुणी वाचत नाही. शिवाय विचार केल्यावर माझ्याच मुद्द्यांतली हवा गेली. पाटील उत्तर कर्नाटकातही आहेत. दोन पिढ्या इंग्लंडात राहिलेल्या घरात आजीला काय म्हणतात हे मी कोण ठरवणार? आणि मूळ पुस्तकात या घराबद्दल जवळजवळ काहीच नाही. मी ज्याला चूक म्हणत होते ती माझ्या घराहून वेगळी गोष्ट होती. तिसरा खर्डा पाठवला:

“पद्मा पणती विझू नये म्हणून हाताचा आडोसा करते आणि तेवढ्यात पार्वती फुंकर मारते, तिथे मी मोठ्याने हसले. माझी बहीण हेच करायची. मी महाराष्ट्रात वाढले, आमच्याकडे पाटील पुष्कळ. घरातल्या बोलण्याचे, सणाचे तपशील कधी हवे असतील तर विचारा, आनंदाने सांगेन. नको असतील तरी कथा वाचत राहणारच आहे.”

नऊ दिवसांनी निरोप आला: आजीला काय म्हणतात? फराळात काय काय असतं? पाठोपाठ चौदा प्रश्न. पुढच्या दिवाळीत तिच्या कथेत अनारसे तळताना फसफसले, आणि ते मी सांगितलेलं नव्हतं, तिने स्वतः करून बघितले होते.

अमेरिकन लेखकांच्या हॅरी पॉटर कथांतली ब्रिटिश रीतभात तपासून देण्याच्या कामाला ‘ब्रिटपिकिंग’ असं रीतसर नाव आहे. म्हणजे तपशील तपासून हवे असणारे लोक भरपूर आहेत. फक्त ते चार लोकांत नको असतात.

टंकनदोष दिसला तर? टिपेत परवानगी असेल तर सांगा, नाहीतर सोडून द्या. शुद्धलेखनाच्या ऱ्हस्व-दीर्घावर तर अजिबात नको, निदान पहिल्या ओळखीत नको. एकच अपवाद मी करते. भाग दोनदा चिकटवला गेलाय, मधलं पान गायब आहे, गंभीर इशाऱ्याचा टॅग राहून गेलाय, असं काही असेल तर लगेच आणि थोडक्यात कळवते.

आठवी पायरी: बीटा व्हा

टीका करायची खुमखुमी असेलच तर तिला कामाला लावा. कथा टाकण्याआधी वाचून देणाऱ्याला ‘बीटा’ म्हणतात. आधी लेखकाला विचारा, काय पाहू? नुसतं व्याकरण, की पात्रं कॅननशी जुळतात का, की कथा कुठे रेंगाळते? व्याकरण मागितलं तर शेवट बदलायला सांगू नका.

बीटाने वाचनाचा अनुभव सांगावा, निकाल देऊ नये. समजा वाक्य आहे: “पद्माच्या डोळ्यांत अश्रूंचा महापूर दाटला.” समासात “भडक” लिहिणं सोपं आहे. मी लिहिते: “दोन परिच्छेद आधी ती पार्वतीवर चिडलेली होती, त्यामुळे हे रडू मला अचानक आलं. मधे काही घडतंय का, जे माझ्या नजरेतून सुटलं?” बऱ्याचदा घडलेलं असतं, लेखिकेच्या डोक्यात. कागदावर उतरायचं राहिलेलं असतं. महापूर मग आपोआप ओसरतो.

वाक्य स्वतः लिहून देऊ नका. दिलंत आणि लेखकाने घेतलं तर ते आता कुणाचं, हा गुंता होतो. टिपेत बीटाचे आभार मानायची पद्धत आहेच.

नववी पायरी: तुमच्यावर वेळ आली तर

कुणी तुमची न मागता चिरफाड केली तर उत्तर देणं बंधनकारक नाही. “वाचल्याबद्दल आभार” पुरतं. कमेंट पुसता येते, आधी मंजुरी घेऊन मगच दिसेल अशी सोय करता येते, माणसाला ब्लॉक करता येतं. करा, अपराधी वाटून घेऊ नका. फक्त त्याचा स्क्रीनशॉट चारचौघांत टाकून “बघा हा काय म्हणतो” करू नका. दोनशे जण त्याच्या अंगावर जातील, आणि मग चूक कुणाची हे कुणी विचारत नाही.

तुमची कथा कुणी उचलली असं वाटलं तर दोन्ही कथा शेजारी-शेजारी उघडा आणि वाक्यं जुळवा. वाक्यं जुळत नसतील, नुसता प्रसंग जुळत असेल, तर चहा करून घ्या. उद्या पुन्हा वाचा. वाक्यं जुळत असतील तर आधी खासगीत विचारा, जसं मला विचारलं गेलं. उत्तर उडवाउडवीचं आलं तर साइटकडे तक्रार करा, दोन्ही दुवे आणि जुळणारे उतारे जोडून. ते पुढचं बघतात.

आणि आजच, पहिली कथा टाकण्याआधी, प्रोफाइलवर तुमची परवानगी लिहून ठेवा. माझी अशी आहे, हवी तर हीच घ्या, ही घ्यायला विचारायची गरज नाही:

“माझ्या कथांचं भाषांतर, पॉडफिक, चित्रं चालतील, विचारू नका, झाल्यावर दुवा पाठवा. माझी पात्रं घ्यायची असतील तर एक निरोप टाका, बहुधा हो म्हणेन. अर्धवट कथा पूर्ण करू नका, मी सावकाश लिहिते पण लिहिते. कथा दुसरीकडे चढवू नका, यंत्राला देऊ नका. काँक्रिट चालेल, निरोपातून. विहीर माझी नाही. ती हवी असेल तर कथेच्या वर जिचं नाव आहे तिला विचारा.”